आंदणाची गाय

अहल्या : ...पाणी नंतर पी. आधी गोठ्यात चल, श्रीकांत. ऐकतोयस ना? पहाटेपासून घसा फाटेस्तोवर हंबरतेय राणी. माजावर आलीय. म्हणून तर शेजारच्या रावांकडून फोन करून बोलावलं तुला.

श्रीकांत : ऐकतोय, अक्का. अख्खं मल्लेश्वरम ऐकतंय.

अहल्या : मग मोत्या वळूला आणतोस, का मी राणीला तुमच्या सरकारी फार्मावर घेऊन येऊ? गडी मल्लाप्पा हळूहळू चालवत नेईल.

श्रीकांत : मोत्या कशाला? दुपारी आमचा डॉक्टर पाठवतो. जर्सीचं बीज, एक नळी, काम झालं. तुला जागेवरून उठायचीसुद्धा गरज नाही.

अहल्या : जर्सीचं नाव काढू नकोस या गोठ्यात. एक दिलीस तेवढी पुरे झाली.

श्रीकांत : झालं सुरू!

अहल्या : होणारच सुरू! माझ्या नीलाच्या लग्नात आंदण म्हणून राणीची लाल कालवड द्यायची ठरली होती. व्याह्यांना शब्द दिला होता मी. तर ऐन वेळी हा मामा उठला. म्हणे, ही लाल सिंधी जात काय देतेस, मी संकरित देतो, घर दुधानं भरून जाईल! आणि ती कालवड? 'आता कशाला बांधून ठेवतेस' म्हणून विकायला लावलीस.

श्रीकांत : मांडवात सगळ्यांनी वाहवा केली तेव्हा तूही मिरवत होतीस, अक्का. माझा भाऊ साहेब आहे म्हणून.

अहल्या : मिरवले. भावाचं कौतुक कुणाला नसतं?

श्रीकांत : आणि दूध दिलंच की तिनं.

अहल्या : दिलं. नीलाच्या सासरी, अथणीचा उन्हाळा लागेपर्यंत दिलं. मग धापा टाकायला लागली, मग गोचिडाचा ताप, आणि गेली. आंदणाची गाय गेली रे! साधी गाय मेली असती तर चार दिवस हळहळले असते. आता सासू येता-जाता ऐकवते, तुझ्या माहेरचं काही टिकत नाही इथं. पोरीचं स्वतःचं दूध आटलंय. बाळासाठी वाटी घेऊन दारोदार फिरते ती. तू बघितलायस तिचा चेहरा?

श्रीकांत : मी बजावून सांगितलं होतं. सावलीत बांधा, अंगावरचे गोचीड काढा, पेंड कमी करू नका...

अहल्या : अथणीत माणसांना सावली मिळेना, तुझ्या गाईला काय पंखा लावतील? आमची राणी कडबा खाऊन दूध देते. स्वल्प देते, पण देते. आणि जगते.

श्रीकांत : स्वल्प! तोच तर प्रश्न आहे. या शहरात पोरांना अमेरिकेची दुधाची पावडर पाण्यात कालवून पाजतात, माहीत आहे तुला? तुझ्या राणीसारख्या गाईंवर त्यांची पोटं भरणार नाहीत. मी मजा म्हणून करत नाही हे.

अहल्या : कोण म्हणतं मजा? बंगळूरला पाज तू जर्सीचं. बंगळूरला सोसेल. पण अथणी म्हणजे बंगळूर नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. आता व्याही म्हणतात, द्यायची तर पहिली ठरली होती तीच जात द्या. म्हणून म्हणते, मोत्याकडून राणी फळली आणि कालवड झाली...

श्रीकांत : कालवड मोठी होऊन दूध देईपर्यंत नीलाचं पोर शाळेत जायला लागेल.

अहल्या : जाऊ दे. निदान शब्द तरी देता येईल. माझी गाय गाभण आहे, तुमची अमानत पोटात आहे, असं सांगितलं की सासूचं तोंड तेवढं बंद होतं. पोरीला श्वास घेता येतो. आण मोत्याला. आमच्याच तांबू गाईचा खोंड आहे तो, मीच दिलाय फार्माला. आपल्या आप्पाजींनी राखलेली जात सरकार राखेल, असं तूच म्हणाला होतास, याच ओसरीवर बसून.

श्रीकांत : मोत्या नाही आणता येणार.

अहल्या : का? आजारी आहे?

श्रीकांत : नाही. धडधाकट आहे.

अहल्या : मग?

श्रीकांत : वळू नाही राहिला तो. खच्ची केला. सगळेच सिंधी वळू केले. वरून धोरण आलं, एका कळपात दोन जाती नकोत.

अहल्या : धोरण येतं वरून. चिमटा कुणी लावला?

श्रीकांत : माणसं असतात त्या कामाला.

अहल्या : आणि तू?

श्रीकांत : मी उभा होतो. माझ्या देखरेखीखाली झालं.

अहल्या : मोत्यानं ओळखलं असेल तुला. लहानपणी तुझ्या हातून गूळ खायचा.

श्रीकांत : अक्का, पुरे.

अहल्या : काय करतो आता तो?

श्रीकांत : वैरणीची गाडी ओढतो.

(गोठ्यातून राणी पुन्हा हंबरते.)

श्रीकांत : दुसरीकडे चौकशी करतो. कुठंतरी असेल एखादा वळू.

अहल्या : आज संध्याकाळपर्यंत शोधशील? तोवर उतरेल तिचा माज. राहू दे. तुझ्या खात्याचा ट्रक मिळेल का, ते सांग.

श्रीकांत : कशाला?

अहल्या : राणीला अथणीला पाठवायला. दुभती आहे, पोचली की बाळाला वाटीभर मिळेल. पुढं तिथल्या कुणाच्या पांढऱ्या खिल्लार वळूकडून फळली तर फळली. लाल होणार नाही वासरू. काही का होईना.

श्रीकांत : वेडी आहेस का? एकच गाय उरलीय तुझ्याकडे! आणि तुझी दुधाच्या रतिबाची घरं?

अहल्या : सांगेन, गोठा मोडला म्हणून.

श्रीकांत : अक्का, ट्रक देतो मी. पण तू पोट कशावर भरणार?

अहल्या : पापड लाटीन. तू नको काळजी करू. नीलाला फक्त एवढं सांगू नकोस की गोठा रिकामा झाला. आणि हे बघ...

श्रीकांत : काय?

अहल्या : ट्रकबरोबर तू जाऊ नकोस. राणी तिकडे पोचायला हवी, आणि पोचल्यावर सासूनं विचारलं, कुणी पाठवली, तर पोरीला मामाचं नाव घ्यावं लागू नये.