चाकूची मुंज

विश्वंभररावांचा जुना अमेरिकन चाकू जप्त झाला. ते झालं असं. हरणी विमानतळावर तपासणीच्या रांगेत त्यांच्या शेजारचा पीयूष उभा होता. पुढे विश्वंभरराव आणि कांचनताई.

"अहो, चाकू खिशात?"

"घरी एकटा कसा ठेवायचा?"

"एकटा? कपाटभर भावंडं आहेत त्याची!"

"हा घरात नवीन आहे गं. शुक्रवारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला, अजून रुळला नाही. उघडताना कसा टक्क वाजतो, ऐक."

"इथे नको! मुंजच करा आता त्याची. आणि घरात कपाटभर चाकू असून मी भेंडी विळीवर चिरते."

"हाडाची मूठ आहे, कांचन. याने भेंडी?"

"अंकल, ये यहीं रहेगा," तपासणीवरचा जवान म्हणाला.

विश्वंभररावांनी घसा खाकरला.

"साहेब, सविनय विनंती. दर शनिवारी दोन थेंब तेल घालावे. भेंडीस लावू नये."