सावत्र आईची वकील

कोरियातल्या जोन्जू शहरात बसथांब्यावर माझ्यामागे एक बाई आणि शाळकरी मुलगी उभ्या होत्या.

"मग हारिम, भरलात का वर्गात त्या जुन्या गोष्टीतल्या सावत्र आईवर खटला?"

"भरला की. मी तिची वकील होते, मावशी."

"अगंबाई! त्या कैदाशिणीची?"

"म्हटलं, पोर हिला वर्षभर मावशीच म्हणते, तरी ही बिचारी पोरीच्या वाढदिवसाला पहाटे उठून रिवाजाचं समुद्री शेवाळाचं सूप करते."

"हे गोष्टीत कुठंय?"

"सरही तेच ओरडले. पुस्तकाबाहेरचा पुरावा म्हणून गुण कापले."

"वेडाबाई! निकाल काय लागला?"

"हरले. उद्या अपील आहे. साक्षीला येशील का, आई?"

"काय म्हणालीस?"

"साक्षीला येशील का? अगं, आपली बस सुटली!"

"सुटू दे. मघाशी 'येशील का'च्या पुढे म्हणालीस, तो शब्द परत म्हण."