टिटवी वरच बसली पाहिजे

…आन् वरून म्हणतात, अप्पाला पाखराचं येड लागलंय! अरे, येड अप्पाला लागलं का तुमाला? न्हाई, तुमाला सांगतो, ऐकून घ्या आन् मग ठरवा.

धर्मापुरीच्या अलीकडं आमचं गाव, गावात मन्मथप्पाचं किराणा दुकान, आन् मन्मथप्पाच्या गळ्यात दोन गोष्टी, सदऱ्याच्या आत इष्टलिंग आन् सदऱ्याच्या बाहेर दुर्बीण! गिऱ्हाईक पावशेर डाळ मागायला आलं की हा बाबा दुकानाबाहेर मान वर करून हुबा. गिऱ्हाईक आशेनं विचारणार, "अप्पा, ढग दिसतोय का?" आन् अप्पा म्हणणार, "न्हाई, शिकरा दिसतोय." आता सांगा! पावसानं सलग पाठ फिरवलेली, तळ्याच्या बुडाला मूठभर चिखल उरलेला, सोसायटीनं तळ्याकाठी जनावरांची छावणी उघडलेली, आन् ह्याला शिकरा दिसतोय! लोकांचं डोकं फिरणार न्हाई तर काय?

पण अप्पाचं दुखणं येगळंच हुतं. शहरात पाखरं बघणाऱ्यांचा एक ग्रुप हाय, मोबाईलवर. हिवाळ्यात आलेली पाखरं फागुन-चैतात उत्तरेकडं माघारी निघतात, तवा कुनी कुठलं पाखरू बघितलं ते त्यात टाकायचं. अप्पानं टाकलं की ग्रुपच्या साहेबांचा सवाल ठरलेला, "फोटो आहे? नाही? मग आणखी कोणी पाहिलंय का?" आता किराणावाल्याकडं तोफेएवढा कॅमेरा कुठला? आन् दुसरं बघणार कोन? बायकू बसम्मा? बसम्मा म्हणायची, "अवो, जरा हिकडं बघा, हेबी एकेकाळी पाखरूच हुतं!" म्हणून अप्पाचं एकबी पाखरू ग्रुपात कधी खरं धरलं गेलं न्हाई. त्याला दुनियेत एकच पायजे हुतं… एक पाखरू आन् एक साक्षीदार. माणसानं यापेक्षा कमी काय मागावं, सांगा?

आन् एक दिवस अप्पा माळावर गेलता तवा ते दिसलं! टिटवी, पण आपली रोजची न्हवं. डोक्याला काळी टोपी, भुवई पांढरीफेक, पोटाला काळं… पार कझाकस्तानची, दुनियेत मोजकीच उरलेली! अप्पा पळत सुटला, चप्पल माळावरच, आन् घुसला कुठं? सोसायटीच्या सभेत!

सोसायटीची सभा तुमाला ठाऊकच हाय. चेअरमन वाचतो, अर्धे डुलक्या घेतात, उरलेले म्हणतात, मंजूर! छावणीच्या मांडवात चेअरमन सुंदरराव वाचत हुते, तेवढ्यात अप्पा वराडला, "टिटवी! वर माळावर टिटवी बसलीया!"

म्हातारेकोतारे उठून हुबे! कावून? अवो, आपल्याकडं शेंबडं पोरगंबी सांगतं, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस दणकून, आन् खाली नदीच्या पात्रात घातली की दुष्काळ!

अप्पा हात जोडून सांगतोय, "अवो, ही पाव्हणी हाय, हितं अंडी घालत न्हाई, अंडी कझाकस्तानात घालती!"

सुंदरराव म्हणाले, "म्हंजी किडे आमच्या माळाचे खायचे आन् पाऊस तिकडं पाडायचा? असं चालतं का, अप्पा? घ्या ठराव… टिटवी वरच बसली पाहिजे!"

मंजूर!

"आन् पाऊस येणारच म्हणल्यावर छावणी ठेवायची कशाला? ती बंद!"

मंजूर! मंजूर! लोकांनी त्याच तंद्रीत दावी सोडली आन् जनावरं घराकडं वळवली, रिकाम्या गव्हाणीकडं. एकानंबी विचारलं न्हाई की तवर खायला काय घालायचं.

पण टिटवीला ठराव कुनी वाचून दावला? तिला लागायची तहान, ती उतरायची तळ्यातल्या चिखलाकडं. खाली! बोंबाबोंब! मग सोसायटीनं नेमला आश्रुबा. आश्रुबा म्हंजी ज्वारीची पाखरं राखणारा, मचाणावरनं गोफण फिरवली की आख्खा थवा पार शिवेबाहेर. आता ज्वारीच न्हाई तर राखायचं काय? बसून बसून गंजलता. त्याला काम एवढंच, टिटवी खाली आली की गोफणगुंडा सोडायचा आन् तिला वर हाकलायची. ती घोट घ्यायला वाकली की सूंऽऽ! सगळं गाव काठावर, "हुर्रर्र! वर! वर जा गं माय!" मुक्ताबाई तर माळावर हळदीकुंकू टाकून आली.

आन् अप्पा? अप्पा मधी नाचतोय, "मारू नका! तिला लई लांब जायचंय, पानी तरी पिऊ द्या!" आन् त्याच दमात फोनवर, "साहेब, साक्षीदार म्हणत हुते न्हवं? आख्खं गाव बघतंय, साहेब, आख्खं गाव! या तुमी!" डोळ्यात पानी बघा त्याच्या. साहेब म्हणाले, रविवारी येतो.

शनवारी आश्रुबाचा अंदाज चुकला.

टिटवी पडली ती चिखलातच. आता गावाला दुःख कशाचं? ती मेली ह्याचं? छ्या! ती खाली पडली ह्याचं! सुंदररावानं तिचा पाय धरून उचलली, माळावर नेऊन ठेवली आन् हात झटकून म्हणाले, "वरच पडली. हाय का कुनाची हरकत?"

मंजूर!

अप्पा तिच्यापाशी बसून धोतराच्या सोग्यानं तिच्या पांढऱ्या भुवईवरचा चिखल पुसत हुता. मला लई वाईट वाटलं हो. पण गावासमोर कोन बोलणार? मग त्यानंच खड्डा केला आन् पुरली.

रविवारी साहेब आले जीप घिऊन, टोपी, कॅमेरा, सगळं. तवर गावात कुनीतरी पिल्लू सोडलतं, परदेशी पाखरू मारलं की जंगलखातं धरून नेतं! झालं. साहेब पारावर हुबं राहून विचारतात, "टिटवी कोणी कोणी पाहिली?"

सुंदरराव म्हणाले, "टिटवी? कसली टिटवी, साहेब?"

आश्रुबा म्हणाला, "मला तर डोळ्यानं कमीच दिसतंय." बघा! आश्रुबाला!

मुक्ताबाई पदर सावरत म्हणाली, "आमी बायामान्सं, आमी कशाला वर बघावं?"

साहेब वळले अप्पाकडं. "तुम्ही तरी? तुम्ही नक्की पाहिली ना?"

सुंदररावानं अप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, लई मायेनं. "सांगा की अप्पा. दुकान आपलं गावातच हाय न्हवं?"

अप्पानं साहेबाकडं बघितलं, गावाकडं बघितलं. बसम्मा दाराआडून नको-नको हात करत हुती. अप्पा म्हणाला, "साळुंकी हुती, साहेब. माजी नजर चुकली."

साहेबांनी खिशातनं मोबाईल घेतला. तिथंच हुबं राहून त्यांनी अप्पाला ग्रुपमधनं काढलं आन् जीप धुरळा उडवत निघून गेली.

मग मिरग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, छावणीतनं माघारी आणलेली जनावरं मातीमोल बाजारात गेली. पुन्हा सभा भरली. अप्पा जल्मात पहिल्यांदा रागानं हुबा राह्यला, "चेअरमन, टिटवी वर बसलती न्हवं? मग पाऊस कुठं हाय?"

सुंदरराव चष्मा पुसत म्हणाले, "कुठली टिटवी, अप्पा? साहेबासमोर तुमीच म्हणालात, साळुंकी हुती. आता साळुंकीनं कुठं पाऊस पडत असतो का? तुमी खरं बघितलं असतं, तर गाव बुडालं असतं का? घ्या ठराव… अप्पाच्या चुकीमुळं गावावर दुष्काळ पडला."

मंजूर! मंजूर! सगळे हात वर. आन् तुमाला सांगतो… दुकान गावातच हाय म्हणल्यावर माणूस करणार काय… अप्पानंबी हात वर केला.