शॅल, विल आणि साहेबाची टोपी

अहो, हसता काय? साहेबाने आपण होऊन टोपी काढून खाली ठेवलेली मी या डोळ्यांनी पाहिलीय!

आमच्या ठाण्याच्या शाळेचे हेडमास्तर नाना आणि त्यांचे शेजारी अण्णा वकील. इंग्रजी साप्ताहिकात एक शब्दांचं कोडं आलं. त्यात एका जागी ‘शॅल’ बसवायचं की ‘विल’, यावरून दोघांची अशी जुंपली की बोलणंच बंद. शेवटी पैज लागली. हरेल त्याने आपली पगडी दुसऱ्याच्या पायाशी ठेवायची. या वयात! निवाडा आमच्या इंग्रज जज्जसाहेबाचा.

मी कोर्टातला कारकून, म्हणून मला पुढे घालून दोघे बंगल्यावर आले. साहेब बाहेर निघालेला. ओट्यावर उभ्यानेच त्याने कोडं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “मला ठाऊक नाही.”

आम्ही गारच पडलो. नाना चाचरत म्हणाले, “साहेब, भाषा तर आपली!”

“मी ती नुसती बोलतो, मास्तर. शिकलात तुम्ही.” मग मला विचारलं, “पैज काय आहे?”

मी पगडीचं सांगितलं. साहेब गंभीर झाला.

“उत्तर मला आलं नाही. म्हणजे हरलो मी.” आणि टोपी काढून त्याने दोघांसमोर जमिनीवर ठेवली.

“अहो अण्णा, उचला!”

“नाना, तुम्हीही हात लावा!”

दोघे एकदमच वाकले. नानांची पगडी अण्णांच्या पायाशी पडली, अण्णांची नानांच्या. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.