पोचा आलेला डबा

येळ्ळूरच्या मांडवात अक्षता मुठीत धरून उभा होतो. पुढं नवरीची आत्या आणि पत्र्याचं काम करणारे भरमाअण्णा बोलत होते.

“अण्णा, नवरा लई उंच हाय. हार घालताना आमची शालू ह्या रॉकेलच्या डब्यावर उभी ऱ्हाईल.”

“नको, आक्का. त्याला बगलंला पोचा आलाय.”

“अंगठ्याएवढा तर हाय! काल ह्याच्यावरच चढून मी तोरण बांधलं. मी तिच्या दुप्पट!”

“तवा पोचा नव्हता. पातळ पत्रा सरळ असला तर तुमालाबी पेलतोय. पोचा आला की तितनंच घडी पडती.”

“काय तरीच! चढ गं, शालू.”

“आई गं!”

“धरली, धरली! दुमडला बघा डबा, पोचा हुता तितनंच!”

“दुसरा आणा! नवऱ्याचा मामा म्हणून सांगतो, आमचा नवरा वाकायचा न्हाय!”

“मामा, जरा गप बसा. घाल गं हार. वाकलोय मी.”