उभं राहून ऐकायचं टिंगलगाणं

...नाही, पण उभं राहायचं कशाला, मला सांगा ना! 'व्याही आले मिरवत, ढेरी पुढे फिरवत', हे काय छातीवर हात ठेवून ऐकायचं गाणं आहे? लग्नघरात बायकांनी व्याह्यांची खेचायची म्हणून म्हणायचं ते! आणि आमच्या मंडळात ते लागलं की अख्खं सभागृह ताडकन उभं, डोळ्यांत पाणी... ढेरी ऐकून पाणी! का, तर अभिमान आहे हो, अभिमान!

तुम्हाला सांगतो, हे खूळ अध्यक्षांचं. धंद्याने दातांचे डॉक्टर, म्हणजे समोरचा कायम तोंड वासून, उलट बोलायची सोयच नाही! 'लोकगीत म्हणजे आपली ओळख! आपल्या मातीचा हुंकार!' अहो, कुठली माती? तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीतली? पण टाळ्या! मग समिती नेमली, गाण्याचा 'शुद्ध पाठ' ठरवला आणि चौकट करून भिंतीवर टांगला, वर त्याची रेकॉर्ड काढून गावभर वाटली.

आता ते गाणं म्हणावं तर आमच्या आत्याने. जीभ कसली, कात्रीच! आणि त्याची रीतच अशी की समोर जो बसलाय त्याच्यावर जागच्या जागी नवं कडवं जोडायचं. जुनंच म्हटलं की बायका ओरडणार, 'शिळं नको गं, ताजं काढ!' माझ्या लग्नात तिने माझ्या सासऱ्यांना असं सोललं की ते हसता हसता खुर्चीवरून घसरले. तेव्हाच ठरवलं, मुलीच्या लग्नात माझ्या व्याह्यांना हिच्याच तोंडी द्यायचं.

तर मंडळाच्या वर्धापनदिनाला आत्या प्रमुख पाहुणी. आठवडाभर घसा जपला बिचारीने. माईकसमोर आली, अध्यक्षांकडे नीट बघितलं आणि सोडलं की,

'अध्यक्ष बोलले तासन्‌तास,
दात वाचले, कान खलास!'

माईक बंद! अध्यक्षच धावत आले, 'काकू, काकू! शब्द चुकताहेत तुमचे!' चुकताहेत? हिचे? वर हातात शुद्ध पाठाचा कागद, 'हे बघून म्हणा.' आणि ती वाघीण, अहो, पहिलीतल्या पोरीसारखी अक्षर लावत वाचायला लागली! मला रडू आलं. सगळेच रडत होते म्हणा, पण त्यांचं वेगळं. त्यांचा अभिमान होता हो, अभिमान!

गेल्या आठवड्यात झालं मुलीचं लग्न. व्याही बसले समोर. काय सांगू, देवाने माणूस टिंगलीसाठीच घडवलेला! केसांना काळा रंग, तोही कानापर्यंत ओघळलेला... म्हटलं, 'आत्या, हो सुरू!' तर ती माझ्या कानात म्हणते, 'नको रे बाबा, चुकलं-बिकलं तर? तुझ्या लेकीला ऐकून घ्यावं लागेल. रेकॉर्डच लाव.'

लावली. तर सगळ्यांच्या आधी उठलं कोण? व्याही! छातीवर हात, डोळे डबडबलेले, मला म्हणतात, 'उठा ना! आपल्याला अभिमान नको?'

आता मुलीचा बाप मी... उठलो!