रॅम्पची किल्ली

...आणि वर मलाच विचारतात हो, "मिनल, आता कसली तक्रार? रॅम्प आहे ना!"

आहे ना! तुम्हाला सांगते, अख्ख्या पेणकरपाड्यात नसेल असा रॅम्प आमच्या सोसायटीत आहे. माझ्या सान्वीसाठी बांधलाय. नऊ वर्षांची आहे, व्हीलचेअरवर असते, आणि लॉबीतून कंपाउंडमध्ये उतरायला पायऱ्या पाच. पाचच! पण चाकाला पाच काय नि पन्नास काय! अकरा महिने अर्ज केले मी. मग उद्घाटन! फीत, पेढे... हार सान्वीला घालायचा की रॅम्पला, यावर वाद झाला, शेवटी दोघांनाही घातला.

दुसऱ्या दिवशी रॅम्पवर तीन स्कूटर उभ्या! मी ग्रुपवर बोंब मारली, तर आमचे सेक्रेटरी उत्तमकाका म्हणाले, "काळजी नको, बंदोबस्त करतो." केला! जाळीचं दार, दाराला कुलूप, किल्ली उत्तमकाकांच्या खिशात. आणि त्या ठरावावर पहिली सही कुणाची? माझी! म्हटलं, सुरक्षित राहील. राहिला हो, फारच सुरक्षित राहिला.

धुळवडीला सकाळी सान्वी पिचकारी घेऊन तयार. "आई, तू येऊ नकोस. मी एकटी जाणार. सगळ्या एकट्याच जातात." म्हटलं, जा बाई लिफ्टनं, सणाचं दार उघडं असेलच. आजवर प्रत्येक वेळी कुणीतरी उचलायचं, पोतं उचलतात तसं. आज पहिल्यांदा ती स्वतः जाणार! पाच मिनिटं दम धरला, मग राहवेना, गेलेच जिन्यानं धावत. बघते तर काय, मैत्रिणी बाहेर रंगात भिजलेल्या, आणि ही जाळीच्या आत. जाळीतून पिचकारी मारतेय!

वॉचमन म्हणतो, "मॅडम, चाबी साब के पास, और साब गाँव गये।" गाव कुठलं? रत्नागिरीच्याही पुढे! शिमग्याला! फोन लावला तर मागे ढोल दणाणतोय... "हां मिनल, बोल! पालखी नाचवतोय! किल्ली ना? आहे, आहे, खिशातच आहे, अगदी सेफ!" अहो काका, पण सान्वीला खाली जायचंय... "मग जाऊ दे की! रॅम्प आहे ना!"

दुसऱ्या मजल्यावरून हंसाबेन ओरडल्या, "अरे मिनल, ताला तोड डालो ने!" तोडायलाच हवं होतं. पण मी पडले एम.कॉम.! हातात दगड घेऊन विचार करतेय, सोसायटीची मालमत्ता, नोटीस येईल का, ठराव लागेल का... तेवढ्यात दोघं जण आले, "चलो, उठा लेते हैं।" सान्वीनं खटकन ब्रेक लावला. "नको. मी वर जाते." आणि गेली. दगड माझ्या हातातच राहिला हो! कुणाला मारू? सही करणारीपासून सुरुवात करायची, तर कपाळ माझंच!

पुढच्या मीटिंगला मात्र उभी राहिले. म्हटलं, कुलूप काढा! उत्तमकाका म्हणाले, "मग स्कूटर लागतील." लावणाऱ्याला अडवा! "कुणाकुणाला अडवणार, मिनल? असं करू, किल्ली तुझ्याकडेच ठेव." टाळ्या! आणि मी मूर्ख, "थँक्यू" म्हणाले. घरी सान्वी म्हणाली, "किल्ली माझ्याकडे दे ना, गळ्यात घालते." म्हटलं, हरवशील. ठेवली माझ्या पर्समध्ये. रोज संध्याकाळी मी खाली जाणार, मी कुलूप उघडणार, मग ती 'एकटी' जाणार!

मे महिन्यात आम्ही सासरच्या गावाला निघालो. गाडी माणगावला पोचली आणि फोन. तळमजल्याच्या वासंतीकाकू. गुडघ्याचं ऑपरेशन करून हॉस्पिटलातून घरी आलेल्या, व्हीलचेअरवर, पायऱ्यांसमोर उन्हात बसलेल्या. "मिनल, अगं, किल्ली?"

पर्समध्ये हात घातला... आहे, आहे. अगदी सेफ.

आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "काकू, एवढ्या एका वेळेला दोघा जणांना उचलायला सांगा ना..."

मागच्या सीटवरून सान्वी, खिडकीबाहेर बघत, अगदी शांतपणे, "उचलायला कशाला, आई? रॅम्प आहे ना!"